महाराष्ट्रातील सार्वजनिक सुट्ट्या : यादी एकच, पण ती लागू कोणाला?

दप्तरदार

राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करतो आणि त्यानंतर काही दिवस त्या यादीची छायाचित्रे सर्वत्र फिरत राहतात. फिरणाऱ्या छायाचित्रांत बहुधा केवळ मधला तक्ता असतो. वरचा कायद्याचा उल्लेख आणि खालच्या टिपा कापलेल्या असतात. माझ्या मते अधिसूचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग नेमका तोच आहे, कारण ही सुट्टी कोणी दिली, कोणत्या अधिकाराने दिली आणि ती कोणाला लागू आहे, हे तिथेच कळते. त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

राज्याची सार्वजनिक सुट्टी जाहीर होते ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली. हा कायदा मुळात हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा आहे. सणांच्या सुट्ट्या अशा कायद्यातून का याव्यात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर व्यापारात आहे : वचनचिठ्ठीची मुदत ज्या दिवशी भरते, त्या दिवशी पेढ्या आणि बँका बंद असतील तर रक्कम कधी देय मानायची, हे ठरवण्यासाठी ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय, हे कायद्याला सांगावे लागले. रविवार आणि सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला दिवस, अशी ती व्याख्या आहे. मूळ अधिकार केंद्र सरकारचा. तो राज्यांकडे सोपवलेला असल्याने महाराष्ट्र शासन आपल्या राज्यापुरती यादी काढते. म्हणूनच ही यादी बँकांनाही लागू होते.

२०२४ च्या यादीत २४ सुट्ट्या होत्या. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती यांच्या इंग्रजी तारखा ठरलेल्या आहेत, नाताळही तसाच. बाकीचे बहुतेक दिवस तिथीवर किंवा चंद्रदर्शनावर चालतात. याशिवाय १ एप्रिलची वार्षिक हिशेबाची सुट्टी असते, पण ती फक्त बँकांपुरती असून शासकीय कार्यालये त्या दिवशी सुरू असतात. उलट, अलीकडे भाऊबीजेची जी अतिरिक्त सुट्टी दिली जाते, ती शासकीय कार्यालयांसाठी असते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे ‘आज सुट्टी आहे का’ या प्रश्नाला ‘कोणाला’ हा दुसरा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे लक्षात येईल.

यादीत काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. आषाढी एकादशीला सारा महाराष्ट्र पंढरपुराकडे तोंड करून उभा असतो, तरी ती राज्यव्यापी सार्वजनिक सुट्टी नाही. मकरसंक्रांत, नारळी पौर्णिमा, गोपाळकाला, अनंत चतुर्दशी आणि नरक चतुर्दशी हे दिवसही राज्यव्यापी यादीत नसतात. अशा दिवसांची सोय स्थानिक सुट्ट्यांतून केली जाते. १९५८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी मात्र सामान्य प्रशासन विभाग स्वतः आदेश काढतो.

जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थानिक सुट्ट्यांविषयी आणि आपापल्या क्षेत्रात ही यादी प्रत्यक्षात कशी पाळली जाते याविषयी सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

रोखपाल

दप्तरदार यांनी मांडलेला मुद्दा आम्हा बँकेतील लोकांना रोज भोगावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्टीच्या आदेशात सामान्यतः शेवटी एक ओळ असते की हा आदेश न्यायालये व बँका यांना लागू राहणार नाही. ही ओळ न वाचलेले ग्राहक त्या दिवशी येतच नाहीत आणि नंतर हप्ता चुकल्याची तक्रार करतात.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची बँकांची सुट्टीदेखील याच कलम २५ खाली आलेली आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये तशी अधिसूचना काढली आणि १ सप्टेंबर २०१५ पासून ती अमलात आली. राज्य शासनाच्या कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा हा त्याहून निराळा विषय आहे. तो २९ फेब्रुवारी २०२० पासून प्रशासकीय निर्णयाने सुरू झाला. त्यामुळे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शनिवारी तहसील कार्यालय बंद आणि बँक उघडी, अशी स्थिती असते. उत्पन्नाचा दाखला आणि कर्जाचा अर्ज एकाच दिवशी उरकण्याच्या विचाराने खेड्यातून आलेल्या माणसाची यात फार ओढाताण होते.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच ही हप्ते आणि पगार यांची सामुदायिक प्रणालीसुद्धा आठवड्याचे सर्व दिवस सुरू असते. म्हणजे बँकेची सुट्टी आता शाखेच्या दारापुरती उरली आहे. सुट्टीच्या दिवशी हप्ता कापला जाणार नाही, असे गृहीत धरून खात्यात रक्कम न ठेवणे धोक्याचे आहे.

पंचांगवाचक

तिथीवर चालणाऱ्या सुट्ट्यांविषयी थोडे लिहितो, कारण यादीचे खरे सौंदर्य आणि खरी अडचण दोन्ही तिथे आहेत. राजपत्रातील तक्त्यात इंग्रजी तारखेबरोबर भारतीय सौर दिनांकही छापलेला असतो. त्यानुसार २६ जानेवारी म्हणजे माघ ६ आणि १ मे म्हणजे वैशाख ११. हा स्तंभ बहुतेक जण वाचतच नाहीत, पण एकाच तक्त्यात सौर, चांद्र-सौर, हिजरी आणि पारशी अशा कालगणना शांतपणे शेजारी बसलेल्या पाहून मला नेहमी समाधान वाटते.

पारशी नववर्षाचे उदाहरण घ्या. शहेनशाही कालगणनेत वर्ष ३६५ दिवसांचे असते आणि लीप दिवस धरला जात नाही; म्हणून दर चार वर्षांनी पतेती इंग्रजी तारखेच्या मानाने एक दिवस मागे सरकते. २०२० ते २०२३ या काळात हे नववर्ष १६ ऑगस्टला होते, तर २०२४ पासून २०२७ पर्यंत ते १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य दिनीच येते. यादीत नावे दोन, दिवस एक. २०२८ मध्ये ते १४ ऑगस्टला सरकेल आणि दोन्ही सुट्ट्या पुन्हा वेगळ्या होतील.

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. चांद्र-सौर पंचांगात अधिक मास हे अंतर भरून काढतो. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे.

खरी कसोटी दिवाळीत लागते. २०२५ मध्ये अमावास्या २० आणि २१ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत विभागली गेली होती. महाराष्ट्राच्या यादीत लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तर केंद्र सरकारच्या यादीत दिवाळी २० ऑक्टोबरला होती. अमावास्या प्रदोषकाळी किती वेळ असावी, याविषयी पंचांगकर्त्यांत मतभेद असू शकतात आणि ते अभ्यासपूर्ण असतात. पण शासनाला अखेर एकच तारीख छापावी लागते. यात कोणाची श्रद्धा कमी किंवा अधिक ठरत नाही.

मुंबईकर वाचक

मुंबईतील स्थानिक सुट्ट्यांचे २०२५ चे उदाहरण इथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. गोपाळकाला १६ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, आणि दोन्ही दिवशी शनिवार होता. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे कार्यालये तशीही बंद राहणार होती. त्यामुळे शासनाने त्याऐवजी ८ ऑगस्टला नारळी पौर्णिमेची आणि २ सप्टेंबरला ज्येष्ठागौरी विसर्जनाची स्थानिक सुट्टी दिली. कोळीवाड्यांतील कुटुंबांना नारळी पौर्णिमेचे महत्त्व किती आहे, हे वेगळे सांगायला नको. मला तो निर्णय मनापासून आवडला.

त्याच वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली, पण केवळ मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत. अन्यत्र ५ सप्टेंबर कायम होता. अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका आणि ईदचा जुलूस एकमेकांलगत येऊ नयेत म्हणून मुस्लिम समाजाने जुलूस पुढे नेला आणि सुट्टी त्यामागोमाग सरकली. २०२३ मध्ये दोन्ही सण २८ सप्टेंबरला आले असताना २९ सप्टेंबरची सुट्टी देण्यात आली होती. या निर्णयांत राज्यातील लोकांचा जो समंजसपणा दिसतो, त्याचे मोल कोणत्याही अधिसूचनेपेक्षा मोठे आहे. अडचण एवढीच की अशा वेळी आदेश उशिरा निघतो आणि ठाण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याला घरी वेगळी आणि कार्यालयात वेगळी सुट्टी मिळते.

करदाता

मला वेगळे मत मांडायचे आहे. वर्षाचे १०४ शनिवार-रविवार आणि त्यावर या २४ सुट्ट्या धरल्या, तर बेरीज १२८ होते. काही सुट्ट्या शनिवार-रविवारी येत असल्याने प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते, तरीही वर्षाचा जवळपास तिसरा हिस्सा कार्यालये बंद असतात, आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक रजा धरलेल्याच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीसंबंधीची याचिका फेटाळताना सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा कायदेशीर हक्क नसल्याचे सांगितले होते आणि सुट्ट्या वाढवण्याऐवजी कमी करण्याची वेळ आली असावी, असेही मत नोंदवले होते. ते मला पटते. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी फेऱ्या मारणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सलग चार दिवस बंद असलेले कार्यालय हा सण नसतो.

दप्तरदार

करदाता, आपला आकडा योग्य आहे आणि फेऱ्या मारणाऱ्या माणसाविषयीची आपली कळकळही मला मान्य आहे. दोन गोष्टी मात्र जोडतो. पाच दिवसांचा आठवडा देताना कामाची वेळ वाढवून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी करण्यात आली, आणि रुग्णालये, पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा यांसारख्या सेवा त्यातून वगळल्या गेल्या. दुसरे असे की रविवारी आलेल्या सुट्टीच्या बदल्यात दुसरा दिवस मिळत नाही. २०२५ मध्ये प्रजासत्ताक दिन, रामनवमी आणि मोहरम हे तिन्ही दिवस रविवारी आले, तर गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले. छापील चोवीस आणि हाती पडणारे दिवस यांत दर वर्षी असा फरक पडतो.

सुट्ट्यांची संख्या कमी करावी की नाही, यापेक्षा कार्यालय केव्हा बंद असेल हे नागरिकाला आधी कळणे मला अधिक निकडीचे वाटते. कोणते कार्यालय केव्हा बंद आहे हे महिनाभर आधी ठाऊक असेल, तर त्या शेतकऱ्याची निम्मी फरफट वाचेल.

सोलापूरची शिक्षिका

आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे संक्रांतीचे दिवस हे वर्षातील सर्वांत मोठे दिवस असतात. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सोलापुरात शाळा भरवणे ही कल्पनाच कोणाला पटणार नाही, पण राज्याच्या यादीत तो दिवस सापडणार नाही. मला स्थानिक सुट्टीची तरतूद अत्यंत शहाणपणाची वाटते ती यामुळे. नागपूरकडील लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीविषयी असेच वाटत असणार.

शाळांचे गणित आणखी वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. त्यामुळे अनपेक्षित सुट्टी जाहीर झाली की मुले आनंदतात आणि आम्ही दिनदर्शिका घेऊन बसतो.

जयंत्या आणि दिनविशेष यांचाही विचार व्हावा. सावित्रीबाईंचा ३ जानेवारी, मराठी भाषा गौरव दिनाचा २७ फेब्रुवारी, शाहू महाराजांच्या जयंतीचा २६ जून आणि वाचन प्रेरणा दिनाचा १५ ऑक्टोबर हे दिवस सुट्टीचे नाहीत आणि ते नसावेत, असे माझे ठाम मत आहे. या दिवशी मुले शाळेत असतात म्हणूनच त्यांना सावित्रीबाई भेटतात. सुट्टी दिली असती तर तो दिवस दूरचित्रवाणीसमोर गेला असता. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही राज्यव्यापी सुट्टीचा नाही, पण मराठवाड्यात त्या दिवशी ध्वजारोहणाला गेलेल्या मुलाला १९४८ साली काय घडले हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

कामगारमित्र

या संपूर्ण चर्चेत एक मोठा वर्ग अजून आलेलाच नाही. दुकाने, उपाहारगृहे, लहान कार्यालये आणि खासगी आस्थापनांत काम करणाऱ्यांना राजपत्रातील चोवीस सुट्ट्या आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम आहे. तो ज्या आस्थापनांना लागू आहे, तेथील कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले, आणि उरलेले चार दिवस मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी एकमताने ठरवायचे. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली रजा द्यावी लागते.

माझा अनुभव असा की ते चार दिवस बहुतेक ठिकाणी ‘ठरवले’ जातच नाहीत. मालक सांगेल ते चालते. मी पाहिलेल्या एका आस्थापनेत ईद पाळणाऱ्या आणि बौद्ध पौर्णिमा पाळणाऱ्या कामगारांना कधी विचारलेच गेले नव्हते, आणि ठरलेले चारही दिवस मालकाच्या सोयीचे होते. चोवीस जास्त की कमी, हा वाद ज्यांना चोवीस मिळतात त्यांचा आहे. ज्यांना आठ मिळायला हवेत आणि पाचही मिळत नाहीत, त्यांच्यासाठी आपण काही करू शकलो, तर ते मोलाचे ठरेल. डिसेंबर महिन्यात सर्व कामगारांनी मिळून चार दिवसांची लेखी मागणी द्यावी आणि पोच घ्यावी. कागद हाती असला की बोलणे सोपे होते.

मतदानाच्या दिवसाचेही तसेच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ब नुसार मतदार असलेल्या कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, मग तो दुकानात असो वा कारखान्यात. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला हे लागू होते, तसे पुढील प्रत्येक लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीला लागू राहील.

कायदेवाचक

‘सुट्टी होती म्हणून मुदत वाढते’ या समजाविषयी सावध करावेसे वाटते, कारण त्यापायी लोकांचे फार नुकसान होते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ नुसार मुदतीच्या वचनचिठ्ठीची अथवा विपत्राची (बिल ऑफ एक्स्चेंजची) मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती रक्कम आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय मानली जाते. नंतरच्या नव्हे, आधीच्या. याउलट सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम १० नुसार एखादी गोष्ट न्यायालयात किंवा कार्यालयात ठरावीक मुदतीत करायची असेल आणि शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत धरली जाते. दाव्यांसाठी मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ४ मध्ये असाच आधार आहे.

मात्र हा आधार कायद्याने नेमून दिलेल्या मूळ मुदतीपुरताच आहे. विलंब माफ करून न्यायालय जो जादा कालावधी देऊ शकते, तो सुट्टीत संपला तर कलम ४ मदतीला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील लवाद निवाड्याला आव्हान देणाऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय प्रश्न ‘सार्वजनिक सुट्टी होती का’ असा नसून ‘ते न्यायालय किंवा ते कार्यालय त्या दिवशी बंद होते का’ असा असतो. न्यायालयांची दिनदर्शिका स्वतंत्र असते. जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिली आणि न्यायालय उघडे राहिले, तर मुदत त्याच दिवशी संपते.

गावाकडचा वाचक

एक व्यावहारिक शंका विचारतो. आमच्या तालुक्याच्या गावी टपाल कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय आणि सहकारी बँक एकाच रस्त्यावर आहेत. पुढील महिन्यात वडिलांच्या जमिनीचा दस्त नोंदवायचा आहे आणि त्याच दिवशी टपालातील ठेव मोडायची आहे. मी कोणती यादी पाहावी?

दप्तरदार

आपल्याला तीन ठिकाणी पाहावे लागेल. दुय्यम निबंधक कार्यालय राज्य शासनाचे असल्याने राज्याची अधिसूचना, शिवाय आपल्या जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानिक सुट्ट्यांचा आदेश पाहावा. तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नसल्यास तहसील कार्यालयातील सूचना फलकावर मिळू शकेल. टपाल कार्यालय केंद्राचे आहे, त्यामुळे तेथे राज्याची यादी चालत नाही. दिल्लीबाहेरील केंद्रीय कार्यालयांना चौदा अनिवार्य सुट्ट्या असतात आणि आणखी तीन राज्याच्या राजधानीतील केंद्रीय कर्मचारी समन्वय समिती ठरवते. टपाल कार्यालयांच्या सुट्ट्यांचा फलक आपल्या कार्यालयात पाहून घ्यावा. सहकारी बँकेसाठी कलम २५ खालील यादी आणि दुसरा-चौथा शनिवार लक्षात ठेवा.

आपल्या कामासाठी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा, आणि मधे सण येत असल्यास त्याच्या आदल्या आठवड्यातच काम उरकावे. चंद्रदर्शनावर ठरणारी सुट्टी जवळ असेल तर दस्त नोंदणीची वेळ आरक्षित करण्यापूर्वी कार्यालयात दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी, कारण अशी सुट्टी ऐन वेळी एक दिवस पुढे-मागे होऊ शकते.